सीईटी: गणिताच्या नव्वद मिनिटांत पेपर पुरा होत नाही, काय करू?

माळरान

नमस्कार. मी बारावी सायन्स, पीसीएम ग्रुप (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स). बोर्डाचा शेवटचा पेपर परवा झाला, आता पूर्ण वेळ एमएचटी-सीईटीसाठी, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेसाठी आहे. आमचं गाव करमाळा तालुक्यात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, कॉलेज आणि क्लास दोन्ही तालुक्याच्या गावी.

अडचण अशी आहे. क्लासमध्ये पहिल्यापासून जेईईच्या मटेरियलवर भर होता. सीईटी त्यातच निघून जाईल असं सांगायचे. आता मॉक म्हणजे सराव पेपर देतोय तर फिजिक्स-केमिस्ट्री कसंबसं वेळेत बसतं, पण गणितात दर वेळी तेच. वेळ संपते आणि शेवटचे बारा-पंधरा प्रश्न वाचूनही झालेले नसतात. जे सोडवतो त्यातले बहुतेक बरोबर येतात. म्हणजे येत नाही असं नाही, पुरत नाही.

मला विचारायचंय ते असं: जेईईची पुस्तकं आता बाजूला ठेवावीत का? अकरावीचं किती करायचं, कारण अकरावीकडे वळून पाहिलेलं नाही. आणि न सुटलेल्या प्रश्नांना अंदाजाने उत्तर द्यावं का? वडील म्हणतात अंदाज म्हणजे जुगार, जे येतं तेवढंच लिही. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला मेकॅनिकल मिळावं अशी फार इच्छा आहे. क्लासवाल्यांना विचारलं तर स्पीड वाढव म्हणतात. कसा वाढवायचा ते कुणी सांगत नाही.

सेकंड इयरवाला

भावा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, चुकलं तरी गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नकोस. वडिलांना माहितीपत्रकातली ती ओळ दाखव, त्यांची काळजी जेईईच्या बाबतीत बरोबर आहे, इथे नाही.

बाकी माझ्या अनुभवाचं थोडं सांगतो. केमिस्ट्रीचं पाठ्यपुस्तक ओळ न ओळ वाच, विशेषतः ग्रुप १६, १७, १८ आणि ऑरगॅनिकमधल्या नेम रिॲक्शन. प्रश्न जवळजवळ तसेच्या तसे उचललेले असतात. केमिस्ट्री झटपट संपली की उरलेला वेळ फिजिक्सला जातो, कारण त्या दोघांची नव्वद मिनिटं एकत्र आहेत. फिजिक्समध्ये गुणोत्तराची सवय लाव. पेंड्युलमची लांबी चौपट केली तर पीरियड किती, याला फॉर्म्युल्यात आकडे घालायची गरज नाही, लांबीच्या वर्गमुळावर अवलंबून आहे म्हणजे दुप्पट, पुढे चल.

आणि मॉक फोनवर देत असशील तर ताबडतोब थांबव. खरी परीक्षा कॉम्प्युटरवर, माउसने. स्क्रीनवरून कच्च्या कागदावर गणित उतरवताना चिन्ह चुकतं, घात चुकतो. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून दे, सरांना विनंती कर, देतात बसू.

फळा-खडू

माळरान, तुझी पोस्ट वाचली आणि लिहायलाच बसले. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते, आणि तू लिहिलंयस तशी मुलं दर वर्षी माझ्यासमोर बसलेली असतात. हुशार, मन लावून अभ्यास केलेली, आणि शेवटच्या पंधरा प्रश्नांपर्यंत न पोचलेली. त्यांना नुसतं 'स्पीड वाढव' सांगणं मला पटत नाही. हात आहे त्याहून भरभर चालत नाही. तो कुठे चालवायचा आणि कुठे नाही हे ठरवायला शिकावं लागतं, आणि ते शिकवता येतं.

आधी पेपर नीट समजून घे. एकूण १५० प्रश्न, २०० गुण. फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५०, प्रत्येकी एक गुण, दोन्ही मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, त्याला स्वतंत्र ९० मिनिटं. म्हणजे निम्मे गुण गणिताचे. ती नव्वद मिनिटं सुरू होईपर्यंत गणित उघडत नाही आणि एकदा गणितात गेलास की फिजिक्सकडे परत येता येत नाही. पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद पडतात, गणितात १०८. तू जेईईच्या सवयीने एका प्रश्नावर तीन-साडेतीन मिनिटं घालवतोस, तिथेच सगळं गणित बिघडतं.

आता तीन गोष्टी सांगते, त्यात पहिली सर्वांत मोठी आहे म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

पर्याय हे प्रश्नाचा भाग आहेत. बोर्डाच्या पेपरात आपण उत्तर *काढतो*, तिथे पायऱ्यांना गुण असतात. इथे चार उत्तरं समोर ठेवलेली आहेत, त्यातलं खरं *ओळखायचं* आहे. हे फसवणं नाही. पर्याय तपासून बघायलाही गणित यावंच लागतं, किंबहुना जास्त चांगलं यावं लागतं.

उदाहरण घे. प्रतल दिलंय, दोन एक्स वजा वाय अधिक दोन झेड बरोबर ९. ओरिजिनपासून काढलेल्या लंबाचा पाद विचारलाय, म्हणजे लंब प्रतलाला जिथे टेकतो तो बिंदू. माझे विद्यार्थी लगेच रेषेचं समीकरण मांडतात, पॅरामीटर घेतात, प्रतलात घालतात, लॅम्डा काढतात. छान, बोर्डात चार गुण. इथे काय करायचं? पाद प्रतलावर असणारच, म्हणून चारही बिंदू समीकरणात घालून बघ. (२, −१, २) घातला तर ४ अधिक १ अधिक ४, बरोबर ९. बसला. दुसरा एखादा बिंदूही बसला, समजा (४, १, १), ८ वजा १ अधिक २, तोही ९. मग दुसरी अट लाव: ओरिजिनपासूनचा लंब प्रतलाच्या नॉर्मलच्या दिशेने जातो, म्हणजे तिन्ही निर्देशक २, −१, २ च्या प्रमाणात हवेत. दुसरा बाद. कागदावर एक ओळही लिहावी लागली नाही. पण लक्षात घे, 'पाद प्रतलावर असतो' आणि 'लंब नॉर्मलला समांतर असतो' ही दोन वाक्यं मनात पक्की नसतील तर यातलं काही सुचणार नाही.

मॅट्रिक्सचा इनव्हर्स विचारला, तीन बाय तीन. ॲडजॉइंट काढत बसायचं नाही. दिलेल्या मॅट्रिक्सच्या पहिल्या ओळीने पर्यायाच्या पहिल्या स्तंभाला गुण, १ यायला हवा. नाही आला, पर्याय बाद. आला तर त्याच ओळीने दुसऱ्या स्तंभाला गुण, शून्य हवं. बहुधा तिथवरच निकाल लागतो. इनडेफिनिट इंटिग्रेशनचं किचकट गणित आलं तर पर्यायाचं डिफरन्शिएशन कर, ते बहुतेक वेळा सोपं असतं. डिफरन्शियल इक्वेशनचं सोल्यूशन विचारलं तरी तेच. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये कोपऱ्यांचे बिंदू बरेचदा पर्यायांतच सापडतात, आलेख काढायला बसू नकोस.

दुसरी गोष्ट, रचना ओळखणं. इंटिग्रलची मर्यादा २ ते ३. अंशात रूट एक्स. छेदात रूट एक्स अधिक रूट (५ वजा एक्स). हे पाहिल्यावर हात थांबला पाहिजे. २ अधिक ३ बरोबर ५, आणि छेदातही ५ वजा एक्स आहे. एक्सच्या जागी ५ वजा एक्स घालून मूळच्यात मिळवलं की आत फक्त १ उरतो, म्हणून उत्तर मर्यादांमधल्या अंतराच्या निम्मं, एक द्वितीयांश. ज्याला हे दिसत नाही तो सब्स्टिट्यूशन करत दहा मिनिटं अडकतो. असंच, ई घात एक्स बाहेर आणि कंसात टॅन एक्स अधिक लॉग सेक एक्स दिसलं, तर दुसऱ्याचं डेरिव्हेटिव्ह पहिलं आहे, म्हणून उत्तर ई घात एक्स गुणिले लॉग सेक एक्स. बायनोमियलमध्ये मीन ६, व्हेरिअन्स ४ दिलं, तर भागाकाराने क्यू दोन तृतीयांश, पी एक तृतीयांश, एन १८. अशा रचना पाठ्यपुस्तकाच्या सोडवलेल्या उदाहरणांत आणि मिसलेनियस एक्झरसाइजमध्ये भरलेल्या आहेत. बालभारतीचं पुस्तक हातात घे आणि प्रत्येक उदाहरणापुढे पेन्सिलीने एक ओळ लिही: *हे कशावरून ओळखलं?* उदाहरण सोडवण्याइतकीच ती ओळ महत्त्वाची आहे. मी तर म्हणेन आता जास्तच.

तिसरी, पेपर दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत पन्नासही प्रश्न वाचायचे. वाचून झाल्या झाल्या वाट दिसली तर सोडव, नाही दिसली तर पुढे. 'आत्ता सुटेल, आत्ता सुटेल' म्हणत थांबायचं नाही, कितीही आवडता धडा असू दे. ही फेरी पन्नासेक मिनिटांत संपली पाहिजे. दुसऱ्या फेरीत सोडलेल्यांकडे ये, सोप्यापासून. शेवटची चार-पाच मिनिटं राखून ठेव आणि उरलेल्या प्रत्येकाला उत्तर दे. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडलं तरी सरासरीने चौथ्या भागाचे गुण मिळतात, पंधरा प्रश्नांचे साडेसात. आणि दोन पर्याय बाद करता आले तर तेच पंधरा. वालचंदच्या यादीत तेवढ्याने फार फरक पडतो, तुझ्या वडिलांना हे आकडे दाखव.

अकरावीचं विचारलंस. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. गणितात दहा प्रश्न, म्हणजे वीस गुण. आणि सगळी अकरावी नाही, ठरावीक धडेच आहेत: ट्रिगोनोमेट्रीचा दुसरा भाग, स्ट्रेट लाइन, सर्कल, मेझर्स ऑफ डिस्पर्शन, प्रोबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवरची यंदाची यादी उघडून ताडून घे. लिमिट्स आणि फंक्शन्स बारावीच्या कॅल्क्युलससाठी तसेही हवेतच, तिथून सुरू कर. हे वीस गुण सोडून देणं मला अजिबात मान्य नाही.

मराठी माध्यमाचं म्हणालास म्हणून एक. फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतूनही घेता येतं, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. त्यामुळे प्रोबॅबिलिटीमधले 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'नॉट मोअर दॅन' हे वाचता क्षणी चिन्हात लिहायची सवय लाव, 'मोठं किंवा बरोबर' की 'छोटं किंवा बरोबर'. मुलं गणित बरोबर करतात आणि एवढ्यावरून दोन गुण जातात, फार वाईट वाटतं.

ड्रॉप इयर २०२४

मॅडमचं सगळं मान्य, पण जेईईची पुस्तकं पूर्ण बाजूला ठेव असं मी म्हणणार नाही. सीईटीचे गणिताचे प्रश्न आता पूर्वीसारखे सरळ राहिलेले नाहीत. व्हेक्टर, थ्री-डी, ॲप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्हमध्ये चांगले लांबलचक येतात. जेईई मेनच्या पातळीचा सराव असला की घाबरायला होत नाही. शिवाय काही जागा ऑल इंडिया कोट्यातून जेईई मेनच्या स्कोअरवरही भरतात, तो रस्ता बंद करू नकोस.

फळा-खडू

घाबरायला होत नाही हा मुद्दा खरा आहे, आणि ज्याने जेईई मनापासून केलंय त्याची समज पक्की असते हेही खरं. मी विरोध करते तो उरलेल्या आठवड्यांत *नवीन* काही उघडण्याला. जेईईत नसलेले किंवा कमी असलेले आणि इथे हमखास येणारे धडे आहेत. मॅथेमॅटिकल लॉजिक घ्या. लिनिअर प्रोग्रॅमिंग घ्या. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स घ्या. क्लासमध्ये जेईई-जेईई करताना हे मागे पडतात, आणि यातले प्रश्न अर्ध्या मिनिटाचे असतात. माळरान, हे तीन धडे तुझे कसे आहेत ते खरं सांग.

माळरान

मॅडम, खरं सांगायचं तर लॉजिक बोर्डापुरतं ट्रुथ टेबल केलंय. पेअर ऑफ लाइन्स क्लासमध्ये घेतलंच नाही, स्वतः वाचलं. एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग) आलेखाने येतं.

काल तुमची पोस्ट वाचून मॅट्रिक्सचे जुने प्रश्न पुन्हा काढले आणि ओळ गुणिले स्तंभ करून बघितलं. खरंच होतंय. पण एका प्रश्नात पर्यायांत अपूर्णांक बाहेर काढलेला होता, एक छेद ११ वगैरे, तिथे गोंधळ झाला. आणि पहिल्या फेरीत प्रश्न सोडून पुढे जाताना मन मागेच राहतं. पुढचा प्रश्न वाचतो पण डोक्यात आधीचाच चालू असतो. याला काय करावं?

फळा-खडू

अपूर्णांक बाहेर असेल तर तो आत घेऊ नकोस. ओळ गुणिले स्तंभ ११ आला की झालं, १ ऐवजी ११. आणि चारही पर्यायांत बाहेरचा अपूर्णांक वेगवेगळा असेल तर त्याहून सोपं: आधी डिटर्मिनंट काढ, छेदात तोच हवा. ॲडजॉइंटमधून सामायिक अवयव काढून अपूर्णांक साधा केलेला असू शकतो, तेवढं मनात ठेव.

मन मागे राहतं याचं. प्रश्न सोडताना कच्च्या कागदावर त्याचा क्रमांक लिही आणि पुढे दोनच शब्द, कुठे अडलं ते. '२३, मर्यादा जुळत नाहीत.' '३१, लंब कुणावर?' कागदावर उतरलं की डोक्याला ते धरून ठेवावं लागत नाही. आणि दुसऱ्या फेरीत परत आलास की पहिल्यापासून वाचायला नको, अडलेल्या जागीच उभा राहतोस. माझ्या वर्गात हे मी करून घेते, आधी मुलांना वेळखाऊ वाटतं, मग सोडत नाहीत. सराव मात्र पूर्ण नव्वद मिनिटांच्या बैठकीतच व्हायला हवा. पाच-पाच प्रश्न सुटे सोडवून ही सवय लागत नाही, कारण तिथे सोडून पुढे जायची वेळच येत नाही.

लॉजिकमध्ये ट्रुथ टेबल विसर. निगेशनचे नियम तोंडपाठ कर: 'पी तर क्यू' याचं निगेशन 'पी आणि क्यू नाही'. कॉन्व्हर्स, इनव्हर्स, कॉन्ट्रापॉझिटिव्ह, आणि स्विचिंग सर्किट. दोन संध्याकाळचं काम आहे.

लातूरची आई

धागा फार उपयोगी, मुलीला वाचायला दिला. एक शंका विचारते. परीक्षा बरेच दिवस चालते, सकाळ-दुपार शिफ्ट असतात. तिच्या मैत्रिणी म्हणतात एखादी शिफ्ट अवघड निघाली की नशीबच फुटलं. आम्ही रात्ररात्र हाच विचार करतोय. आणि तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी म्हणजे एकूण पर्सेंटाइल का?

फळा-खडू

ताई, तुमच्या मुलीची तुलना तिच्याच शिफ्टमध्ये बसलेल्यांशी होते. पर्सेंटाइल म्हणजे त्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण पडले. पेपर अवघड निघाला तर सगळ्यांनाच अवघड गेला, १२० गुणांवरही तिथे वरचा पर्सेंटाइल मिळू शकतो. सोप्या शिफ्टमध्ये तेच १२० मागे पडतील. म्हणून अवघड पेपर समोर आला की तिने घाबरून हात आखडू नये, शेजारचीलाही तो तितकाच अवघड जातोय. हे तिला परीक्षेआधी नक्की सांगा, कारण नुकसान पेपरापेक्षा त्या घाबरण्याने जास्त होतं. स्कोअरकार्डवर दशांशचिन्हापुढे सात अंक छापतात ते एवढ्यासाठीच, फार मुलं जवळजवळ एकाच जागी असतात.

सरासरी नाही. एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात. दोघांचा एकूण पर्सेंटाइल अगदी सारखा आला तर आधी गणिताचा पर्सेंटाइल पाहतात. आणि बारावीचे गुण या गुणवत्ता यादीत धरत नाहीत, इंजिनिअरिंगच्या पात्रतेसाठी पीसीएममध्ये खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव वर्गांना ४० टक्के लागतात, तेवढ्यापुरते ते आहेत.

माळरान

मॅडम, वडिलांना साडेसात गुणांचं गणित दाखवलं. त्यांनी स्वतः कागद घेऊन करून पाहिलं आणि म्हणाले एकही सोडू नको. कॉलेजच्या लॅबचं सरांना विचारलं, दुपारी दोन ते पाच बसायला देणार आहेत. सकाळी लॉजिक आणि पेअर ऑफ लाइन्स घेतोय, लिमिट्स त्यानंतर. पेन्सिलीच्या ओळी डेफिनिट इंटिग्रेशनपासून लिहायला घेतल्यात. एका उदाहरणावर अडलोय, मर्यादा शून्य ते पाय, आत एक्स गुणिले साइन एक्स, छेदात एक अधिक कॉस स्क्वेअर एक्स. कशावरून ओळखायचं ते लिहिता येईना.

फळा-खडू

तो सुटा एक्स. मर्यादा शून्य ते पाय आहे आणि एक्स सोडून बाकी सगळं पाय वजा एक्स घातल्यावर जसंच्या तसं राहतं, साइन तोच, कॉसचा वर्ग तोच. म्हणून एक्सच्या जागी पाय वजा एक्स घाल, दोन्ही मिळव, एक्स निघून जातो आणि पाय बाहेर येतो. पुढे कॉस एक्स बरोबर टी घेतलंस की टॅन इनव्हर्स मिळेल. उत्तर पाय वर्ग छेद चार यायला हवं, करून बघ आणि पेन्सिलीने लिही: 'सुटा एक्स, बाकी सारखं.' याच जातीची अजून दोन त्याच एक्झरसाइजमध्ये आहेत. ती शोधून काढ आणि कोणती ते इथे लिही.